कोयनेची वाट आणि रक्ताची पिशवी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. तसा भूकंप क्वचितच होतो. परंतु कुंभार्ली घाटातील अपघात किंवा प्रसूतीतील रक्तस्राव केव्हाही ओढवतो. येथून कराड रस्त्याने पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि अतिरक्तस्राव झालेल्या रुग्णाचे भवितव्य बहुधा पहिल्या तासातच ठरते.

शहरांतील रक्तपेढ्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट वेगळे करतात. एका दानाचा अनेकांना उपयोग होतो. हिशेब चोख आहे. मात्र प्लेटलेट सतत हलत्या ठेवूनही सामान्यतः पाचच दिवस टिकतात आणि प्लाझ्मा गोठवून ठेवावा लागतो. महिन्याकाठी एखादेच गिऱ्हाईक येणाऱ्या दुकानात पाच दिवसांत वाया जाणारा माल कोणता व्यापारी भरील?

अशा ठिकाणी न विभागलेले, संपूर्ण रक्त उपयोगी पडते. तांबड्या पेशी आणि रक्त गोठवणारे घटक त्यात एकत्र असतात. रक्तासाठीच्या शीतकपाटात २ ते ६ अंशांवर ते ३५ दिवस ठेवता येते. अर्थात ते जितके ताजे, तितकी रक्तस्राव थांबविण्याची त्याची शक्ती अधिक. युद्धभूमीवरील अनुभवानंतर प्रगत देशांतही अपघातग्रस्तांसाठी ते पुन्हा वापरात आले आहे.

परवानाधारक रक्तपेढीत तपासलेले रक्त आणून ठेवण्याची, तसेच गट जुळवून देण्याची मुभा ग्रामीण रुग्णालयांतील रक्तसाठवण केंद्रांना २००१ पासून आहे. २०१४ मध्ये राज्याने ‘जीवन अमृत’ सेवा सुरू केली. १०४ क्रमांकावर मागणी नोंदविताच मोटारसायकलवरून शीतपेटीत रक्त पोहोचविले जाई. परंतु तिची धाव सुमारे तासाभराच्या अंतरापुरतीच होती आणि पुढे तीही थांबली. घाटमाथ्यावर रक्त जखमीच्या आधी पोहोचलेले असावे, हाच त्यातील बोध.

३५ दिवसांच्या मुदतीचा साठा वर्षातून एकदा भरणाऱ्या भव्य शिबिराने टिकत नाही. निरोगी पुरुषास तीन, तर स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. एका पेठेतील कुटुंबांनी महिने वाटून घेऊन जवळच्या रक्तपेढीत नावे नोंदविली, तर कोयनेच्या वाटेवरील शीतकपाट बाराही महिने रिकामे राहणार नाही.