गिअरबॉक्सलाही ताप येतो!

मित्र-मैत्रिणींनो, मुद्दा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मेसला पळायचंय त्यांना पळता येईल. माझं मत असं आहे की पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या भागात लोड घेऊन फिरणाऱ्या डिझेल गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान दाखवणारा एक काटा असायला हवा. आणि तो बसवण्याच्या कामात आपण, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुला-मुलींनी, पुढाकार घ्यायला हवा. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे मला आधी 'टेम्परेचर गेज' हाच शब्द सुचतो. पुस्तकात 'तापमापी' असा छान शब्द आहे, पण तो गॅरेजमध्ये उच्चारला तर उस्ताद मला सरळ डॉक्टरकडे पाठवेल. म्हणून या लेखात मी आपलं साधं 'काटा' म्हणणार आहे.

आता हा विषय आपल्याच भागाचा का, ते सांगते. तारापूर म्हटलं की लोकांना आठवतं अणुऊर्जा केंद्र. १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. अशा केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये टर्बाइनच्या बेअरिंगचं तापमानसुद्धा सतत पाहिलं जातं. शेजारच्या एमआयडीसीत व्हिजिटला गेलात तर केमिकलच्या रिॲक्टरवर टेम्परेचर इंडिकेटर दिसतो. तो बंद पडला तर शिफ्ट इंचार्ज धावत येतो. पण त्याच रिॲक्टरमधला माल भरून जो टँकर किंवा पिकअप गेटबाहेर पडतो, त्याच्या डॅशबोर्डवर बघा. तापमानाचा काटा एकच, तोही इंजिनच्या पाण्याचा. काही गाड्यांत तर तोही नाही, नुसता लाल दिवा. गिअरबॉक्स किती तापलाय हे ड्रायव्हरला कळायची सोयच नाही. कारखान्याच्या आत सगळं मोजायचं आणि गेटच्या बाहेर सगळं देवावर सोडायचं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, गिअरबॉक्सला एवढं काय होतंय? चला, आकडेमोड करू. समजा एक पिकअप चढावर ५० किलोवॅट ताकद लावतेय आणि गिअरबॉक्सची कार्यक्षमता ९६ टक्के आहे. उरलेले ४ टक्के म्हणजे २ किलोवॅट कुठे जातात? दात दातावर घासण्यात, ऑइल घुसळण्यात, म्हणजे शेवटी उष्णतेत. घरगुती गीझर साधारण तेवढाच असतो. म्हणजे त्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या खोक्यात एक गीझर चालू आहे आणि आत थोडंसंच ऑइल आहे. मनोरहून पालघरला येताना वाघोबा खिंडीत भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा वेग कमी, म्हणून खालून वाराही कमी. गीझर चालू आणि पंखा बंद!

ऑइलचं दुखणं असं की ते एकदम मरत नाही, हळूहळू मरतं. केमिस्ट्रीतला एक ढोबळ नियम आपल्याला माहीत आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांवर चालणारं ऑइल १२० वर चालवलं तर वेग झाला आठपट. मग ते काळं पडतं, जळका वास येतो, बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा झिजतात. आणि एक दिवस गिअर पडत नाही.

माझे एक काका बोईसरहून भिवंडीला माल नेतात. स्वतःची पिकअप, स्वतःच ड्रायव्हर. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. ऑइल सील पाझरत होतं, आतलं ऑइल कमी झालं होतं आणि उरलेलं जळून गेलं होतं. गाडी दोन आठवडे उभी. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही, तो तारखेला येतोच. दुरुस्तीचा खर्च एकीकडे, बुडालेल्या फेऱ्या दुसरीकडे. काकांना विचारलं, तुम्ही कधी बघत नव्हता का? ते म्हणाले, "अगं, रोज हात लावून बघायचो की. गरम तर नेहमीच लागतो."

इथेच तर खरी गोम आहे. आपला तळहात साधारण ६० अंशांपर्यंतच कामाचा. त्याच्या वर धातूला हात ठेवताच येत नाही. म्हणजे ८० असो, १०० असो की १३० असो, हाताचं उत्तर एकच: "आई गं!" जिथे रोजचं काम चालतं आणि जिथून धोका सुरू होतो, ते दोन्ही आकडे हाताच्या पट्टीच्या बाहेर आहेत. उस्तादांच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्यांचा कान आपल्या चार सेमिस्टरपेक्षा भारी आहे. पण आवाज यायला लागतो तेव्हा नुकसान झालेलं असतं. काटा त्याच्या आधी बोलतो.

बसवणं अवघड आहे का? अजिबात नाही. सेन्सरमध्ये असतो थर्मिस्टर. ऑइल तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा वर सरकतो. बस, एवढंच. पण चार गोष्टी सांभाळायच्या. एक, सेन्सर आणि काटा एकाच जोडीतले घ्या. याचा सेन्सर त्याच्या काट्याला लावला तर रीडिंग खोटं येणार. दोन, गिअरबॉक्सच्या बॉडीला भोक पाडू नका, बुरादा आत जातो. त्यापेक्षा एक जादा ड्रेन नट घ्या, टर्नरकडून त्यात भोक आणि आटे पाडून घ्या आणि सेन्सर त्यात बसवा. तिथे तो ऑइलमध्ये बुडालेला राहतो. मात्र तो खाली फार लोंबता कामा नये, नाहीतर आपल्या रस्त्यांवरचा पहिलाच दगड त्याला घेऊन जाईल. वर एक छोटी पत्र्याची ढाल हवी. तीन, सेन्सर एका वायरचा असेल तर त्याला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ठेवला तर काटा हलत नाही आणि सगळे काट्याला शिव्या देतात. चार, सप्लाय इग्निशनच्या लाइनवरून, मध्ये फ्यूज टाकूनच. वायर सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब.

बसवण्याआधी काटा खरा बोलतो का हे तपासायला लॅबची गरज नाही. जुन्या डब्यात पाणी उकळा आणि सेन्सर त्यात बुडवा. सिंगल वायरवाला असेल तर त्याच्या बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हची वायर लावायला विसरू नका. बोईसर समुद्रसपाटीला लागून, त्यामुळे काटा १०० च्या आसपास यायला हवा. महाबळेश्वरला हाच प्रयोग केलात तर पाणी ९५-९६ वरच उकळेल, मग काट्याला दोष देऊ नका!

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर आमचे सर म्हणतील की हा निबंध नसून जाहिरात आहे. पहिला आक्षेप: गरज असती तर कंपनीनेच दिला नसता का? कंपनी गाडी बनवते ती ठरलेल्या लोडसाठी. आपल्याकडे ठरलेला लोड किती जण पाळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय जिथे गिअरबॉक्स तापतो हे मान्यच आहे, तिथे सोय दिलेलीच असते. मोठ्या लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑइलचा वेगळा काटा असतो. अमेरिकेत ट्रेलर ओढणारे डिझेल पिकअपवाले हा काटा हौसेने नाही, गरज म्हणून लावतात, कारण त्यांच्या गाड्या ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टर घसरत असताना फार उष्णता तयार होते. तिथे ८० ते ९५ अंश हे रोजचं आणि १२० च्या पुढे काळजीचं, असा साधारण हिशेब.

दुसरा आक्षेप जास्त बरोबर आहे: आपल्या बहुतेक गाड्या मॅन्युअल, त्यांना एवढं लागत नाही. मान्य. ज्याची गाडी रिकामी फिरते किंवा फक्त रविवारी केळव्याच्या बीचवर जाते, त्याने हा काटा लावू नये. नुसती स्टाइल म्हणून काचेच्या बाजूला तीन-तीन काटे लावणाऱ्या आपल्या पार्किंगमधल्या वीरांना तर हात जोडून विनंती. मी बोलतेय ती रोज लोड घेऊन चढ चढणाऱ्या गाड्यांबद्दल. मॅन्युअलला सगळ्यांसाठी एकच धोक्याचा आकडा सांगता येत नाही, म्हणून तिथे बदल बघायचा. पहिल्या महिन्यात त्याच रस्त्यावर, तेवढ्याच लोडला काटा कुठे जातो ते वहीत लिहा. पुढे कधी तो १५-२० अंश वर दिसला तर गाडी बाजूला घ्या आणि ऑइल बघा.

तिसरी गोष्ट कुणी आक्षेप घेण्याआधी मीच सांगते. ऑइल इतकं गळलं की सेन्सरच उघडा पडला, तर काटा आतल्या हवेचं तापमान दाखवेल आणि सगळं ठीक वाटेल. म्हणून लेव्हल प्लग उघडून ऑइल बघायचं काम काट्यामुळे सुटत नाही. आणि भीतीने जास्त ऑइल भरणंही चूकच. घुसळण वाढते आणि उष्णताही वाढते.

आता आपल्या वाट्याचं काम. दरवर्षी फायनल इयरला किती प्रोजेक्ट विकत आणले जातात हे मी इथे लिहिणार नाही, वॉर्डन सरांनाही माहीत आहे. त्याऐवजी चार जणांच्या एका ग्रुपने चार पिकअप निवडाव्यात. काटा बसवावा आणि चिल्हार फाटा ते बोईसर, मनोर ते पालघर या रस्त्यांवर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची रीडिंग घ्यावी. आपल्या भागाचा असा तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लागला तर तो कपाटातल्या ब्लॅक बुकपेक्षा जास्त वेळा वाचला जाईल. वर्कशॉपच्या सरांनी फक्त लेथ वापरायची परवानगी द्यावी, चहा आम्ही पाजू.

आपण थर्मोडायनॅमिक्सचे पेपर देतो, पण कॉलेजच्या गेटसमोरून जाणाऱ्या टेम्पोवाल्याला त्याचा एक पैशाचाही उपयोग नाही. तो आपल्याला 'इंजिनिअर' म्हणतो, आदराने म्हणतो. मला वाटतं, त्या शब्दाची थोडी तरी परतफेड व्हायला हवी. ज्यांना या प्रोजेक्टमध्ये यायचंय त्यांनी शनिवारी लेक्चर संपल्यावर वर्कशॉपपाशी भेटावं. पाना आणि जुने कपडे सोबत आणा!