बंदूक परवान्याची, दारू नशिबाची



ज्वारी पोटरीत आली की रानडुकरांना तिचा पत्ता लागतो. हुरड्यात आली की कळपच मुक्कामाला येतो. डुक्कर खाते थोडे, लोळवते जास्त. कपाशीचे कोवळे शेंडे हरीण खुडते आणि रोही उभे झाड मोडून पुढे जातो. लोहा-कंधारच्या माळावर हे कुणाला समजावून सांगायला नको. आज सांगायचे आहे ते बंदुकीबद्दल, आणि खरे म्हणजे बंदुकीत भरायच्या सामानाबद्दल.

पीक संरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्यांत एक चाल पडू लागली आहे. दारू, छर्रे, टोप्या, काडतुसे, जे मिळेल ते मिळेल तेव्हा घेऊन घरात ठेवायचे. पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा हा उपाय घातक आहे, आणि त्याने टंचाई मिटत नाही, वाढते.

भीती खरी का, ते आधी पाहू. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा करून हिंदुस्थानी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला. त्याच्या १३व्या कलमात पिकाच्या राखणीचा उल्लेख आहे. पण कोणत्या बंदुकीसाठी? ठासणीच्या! नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. १८५७ च्या शिपायांच्या बंदुकाही तोंडाकडूनच भरायच्या होत्या. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी साधी नळीची बंदूक देता येते. आता त्याची खात्री पटवणे म्हणजे काय, ते परवान्यासाठी चपला झिजवलेल्यांना विचारा.

ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. दारू आहे, छर्रे आहेत, पण टोपी नाही, तर ती बंदूक म्हणजे एक जड काठी. टोपी काही गावात होत नाही. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा दारूगोळाच. काडतूसवाल्यांचे तरी काय? परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा कायद्याने गुन्हा. बाहेरून मागवायचे तर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानेवाल्याला आयातीचे दार बंद आहे, नेमबाजांना तेवढी सवलत. अनेक दशके बारा बोअरचे काडतूस म्हणजे खडकीच्या सरकारी कारखान्यातले. २०१६ च्या नियमांनी खासगी कारखान्यांना वाट करून दिली, पण ती वाट तालुक्याच्या गावापर्यंत काही पोचलेली नाही. त्यातच वर्षाला किती घ्यायचे आणि एका वेळी किती बाळगायचे, ते परवान्यावर लिहिलेले.

घेणारा बांधलेला, विकणारा मोजका, दर पावलाला कागद. अशा बाजारात टंचाई पडली नाही तरच नवल. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत कापूस घातलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता साठ्याकडे येऊ. दुसऱ्याचा दाखला घेऊ, म्हणजे कुणाला राग यायचा नाही. अमेरिकेत बंदुका उदंड, आणि वापरलेले काडतूस घरीच पुन्हा भरून घेणारे लोक लाखोंनी. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, मुले मारली गेली. आता कायदा कडक होणार या भीतीने लोक दुकानांवर तुटून पडले आणि २०१३ भर काडतुसे, दारू, टोप्या यांची फडताळे रिकामी राहिली. कायदा तर आलाच नाही. पुढे घरोघरचे साठे भरलेले, म्हणून खप पडला आणि कारखाने अडचणीत आले. २०२० मध्ये महामारी आणि निवडणूक एकदम आली, पुन्हा झुंबड उडाली, आणि नेमक्या त्याच वर्षी रेमिंग्टन ही तिथली जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. दारू हाताशी, शिसे हाताशी, पण टोपी मिळेना! जिथे परवान्याचा इतका जाच नाही तिथे ही गत, तर आपल्याकडे विचारायलाच नको. दहा जणांनी घाबरून चौपट उचलले की अकराव्याला डुकराच्या पुढे थाळी वाजवावी लागते. डीएपीच्या पोत्यांचे आणि कपाशीच्या ठराविक वाणाच्या रांगांचे आपण हेच पाहतो.

पेवात ज्वारी भरणारा शेतकरी साठेबाज नव्हे. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याने त्याला तसे ठरवले, ही गोष्ट निराळी. पण दारू ही ज्वारी नव्हे. दारू दमट हवेत ओल धरते, तिचे गोळे होतात. अशी दारू कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते. बार उडाला नाही म्हणून वर दुसरा बार ठासला, की नळी फुटून हात जातो. डबा असतो तिथेच चूल, तिथेच बिडी, तिथेच लेकरे. आणि परवान्यात लिहिल्यापेक्षा एक काडतूस जास्त सापडले तर डुक्कर मोकळे आणि शेतकरी कोठडीत.

काहींनी याहून वाईट रस्ता धरला आहे. तारेत वीज सोडणे, नाहीतर आमिषात गावठी बॉम्ब ठेवणे. त्यात डुकराआधी शेजाऱ्याची गाय मरते, कधी पहाटे पाण्यावर गेलेला घरधनीच मरतो. हे बंद केलेच पाहिजे. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्यांनी तर ते आधी आणि मोठ्याने म्हटले पाहिजे.

आणखी एक. बंदूक आहे म्हणून कुणाही जनावरावर चालत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. रानडुक्कर आणि रोही उभ्या पिकाचे नुकसान करत असतील तर वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमाखाली परवानगी मिळू शकते. राज्य सरकारने २०१५ मध्ये त्याची पद्धत सोपी करायला निर्णयही काढला. पण परवानगी वनखात्याची, बंदूक कलेक्टरची, दारू दुकानदाराची, आणि तिघांची गाठ एका रात्रीत पडायची! केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला. गावानेच परवानेवाल्याला बोलवायचे. तसे इथे का नको? ज्याला मारायची परवानगी, त्याला त्याच कागदावर तालुक्याला टोप्या-काडतुसे मिळाली पाहिजेत. मिळणार हे पक्के झाले की घरात डबा भरून ठेवायला कुणाला हौस आहे?

निवडणुकीत बंदुका जमा होतात, तो प्रश्नही यातच येतो. नांदेडला २०२४ मध्ये एप्रिलात लोकसभेचे मतदान झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक. म्हणजे एका वर्षात दोन आचारसंहिता, आणि दुसरी ऐन कापूस वेचणीत. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे छाननी समितीने जामिनावर सुटलेले, गुन्हे नोंदलेले, दंगलीत सापडलेले अशांचे परवाने तपासायचे आहेत. ज्याच्यावर काही नाही, त्याला सरसकट नोटीस आली तर त्याने समितीकडे लेखी हरकत द्यावी, सोबत पेऱ्याचा सातबारा जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये.

तोवर काय करायचे? गावातल्या परवानेवाल्यांनी एकत्र बसून हंगामाची गरज काढावी आणि पेरणी होताच दुकानदाराला एकदम मागणी द्यावी. एकट्याच्या दहा टोप्यांसाठी तो माल मागवत नाही, वीस जणांच्या मागणीला मागवतो. परवान्याचे नूतनीकरण आता पाच वर्षांनी असते, म्हणून तारीख विसरायला होते, ती आजच पाहून घ्या. जिल्हा बैठकीला येताना परवान्याची झेरॉक्स आणा, आणि मागच्या हंगामात किती वेळा मागणी केली नि किती वेळा रिकाम्या हाताने परत यावे लागले, ते तारखेसह लिहून आणा. गावागावाच्या या याद्या एकत्र करून कलेक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या आहेत.