उसन्या वाचकांवरचा डोलारा

'बझफीड न्यूज' हा आपला वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय बझफीड कंपनीचे प्रमुख जोना पेरेटी यांनी एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केला. चीनच्या शिनजियांग प्रांतातील बंदी-छावण्यांचा उपग्रह छायाचित्रांच्या आधारे शोध घेतल्याबद्दल याच विभागाला २०२१ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. भारतीय वंशाच्या मेघा राजगोपालन यांचा त्यात प्रमुख वाटा होता. पुरस्कारानंतर जेमतेम दोन वर्षांत विभागाला टाळे लागले. पाठोपाठ मे २०२३ मध्ये 'व्हाइस'ने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१७ साली ५.७ अब्ज डॉलर मूल्य ठरलेली ही कंपनी अखेर ३५ कोटी डॉलरना धनकोंच्या हाती गेली.

ही पडझड आकस्मिक नव्हती. २००५ साली 'हफिंग्टन पोस्ट' आणि २००६ साली 'बझफीड' सुरू झाले, तेव्हा छापील वृत्तपत्रांचे दिवस भरले, अशी भाकिते केली जात होती. कागद नाही, छपाई नाही, वितरणाची यंत्रणा नाही. त्यामुळे खर्च कमी आणि वाचक अमर्याद, असे हे गणित होते. 'एओएल'ने २०११ मध्ये हफिंग्टन पोस्टसाठी ३१.५ कोटी डॉलर मोजले, तेव्हा या गणितावर जणू शिक्कामोर्तब झाले.

तथापि या गणितात एक मूलभूत दोष होता. वाचक या संस्थांचा नव्हताच. तो फेसबुकवर मित्रांच्या गप्पा वाचताना वाटेत बातमीवर येत असे. ही वाट फेसबुकच्या मालकीची होती. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे ठरविले आणि बातम्यांकडे येणारा ओघ आटू लागला. दुसरीकडे, अमेरिकेतील ऑनलाइन जाहिरातींच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक वाटा गुगल आणि फेसबुक या दोनच कंपन्यांकडे जात होता. म्हणजे वाचक आणणारा व जाहिराती पळविणारा एकच! मोठे मंच वृत्तविभागाला आर्थिक आधार देणार नाहीत हे आपण उशिरा स्वीकारले, अशी कबुली पेरेटी यांनीही विभाग बंद करताना दिली.

भारतात याला धोरणाचीही जोड मिळाली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिजिटल वृत्तमाध्यमांतील परकीय गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. पुढील वर्षी बझफीडने हफपोस्ट विकत घेण्याचे ठरविले, तेव्हा त्या व्यवहारातून भारतीय आवृत्ती वगळण्यात आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ती बंद पडली.

मग ऑनलाइन पत्रकारिता अशक्यच आहे काय? तसे म्हणता येणार नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०११ मध्ये वाचकांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी त्या प्रयोगाच्या यशाबद्दल शंका घेतली होती. २०२३ च्या अखेरीस त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या पुढे गेले. त्यात शब्दकोडी आणि पाककृतींचे वर्गणीदारही आहेत, हे खरे. परंतु २००८ साली स्थापन झालेले फ्रान्सचे 'मीडियापार्ट' जाहिराती न घेता, शोधपत्रकारितेच्या बळावर दोन लाखांहून अधिक वर्गणीदार टिकवून आहे. या दोन्ही संस्थांचा वाचक उसना नाही.

एका भाषेपुरत्या मर्यादित बाजारपेठेत मीडियापार्टला जे साधले, ते मराठीला आपोआप साधेल असे नाही. आपल्याकडे बातमी मोबाइलवर फुकट मिळते, ही सवय खोल रुजली आहे. घडलेली घटना कोणीही फुकट सांगेल. दडविलेली घटना शोधण्यास मात्र महिनोन् महिने आणि पैसा लागतो. बझफीडमध्ये याद्या आणि करमणूक तगली, वृत्तविभाग गेला. कोणत्या मजकुराचा खर्च सर्वप्रथम छाटला जातो, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. तो खर्च वाचकाने उचलायचा नसेल, तर तो उचलणारा दुसरा कोणी आपली किंमत वसूल करणारच. ती कोणत्या स्वरूपात, याचा विचार वाचकांनीच करावयाचा आहे.