गाडीचं म्हातारपण की जन्मापासूनची खोट?

२०२५च्या जानेवारीत आमच्या घरी एक पत्र आलं. इकडे टपालपेटीत रोज जाहिरातींचा एवढा कचरा येतो की बायकोने ते न उघडताच फेकायच्या ढिगात टाकलं होतं. कोपऱ्यात 'सेफ्टी रिकॉल' असे शब्द दिसले म्हणून मी उचललं. आतला मजकूर थोडक्यात असा : तुमच्या गाडीतल्या एका भागात शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, इंजिन बंद असतानाही लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, घरापासून लांब उभी करा.

आता आमचं गॅरेज इथल्या बहुतेक घरांसारखं घरालाच चिकटून आहे. आणि गॅरेजच्या बरोब्बर वर मुलांची झोपायची खोली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज रात्री ही गाडी मुलांच्या पलंगाखाली आणून लावत होतो. पत्र वाचून झाल्यावर मी स्वेटर चढवला, चावी घेतली आणि रात्री साडेदहा वाजता बर्फात गाडी बाहेर काढली.

ही गाडी म्हणजे २०१३ सालची आमची एसयूव्ही, २०१६ मध्ये सेकंडहँड घेतलेली. आई-बाबा देशातून आले की सगळ्यांना घेऊन हिंडता यावं म्हणून मुद्दाम मोठी घेतली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

तर, या गाडीचं दुखणं जुनं आहे. २०२० मध्ये ती तेल प्यायला लागली. ऑइल बदलून तीन हजार मैल होतात न होतात तोच डिपस्टिक कोरडी! डीलरकडे गेलो. तो म्हणाला, "या वयाच्या गाड्या थोडं तेल खातातच." मीही मान डोलावली. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, पण 'वय झालं' म्हटलं की आपण गप्प बसतो. २०२१च्या उन्हाळ्यात हायवेवर पासष्टच्या वेगात असताना आधी खडखड असा आवाज आला आणि मिनिटाभरात इंजिन बंद. मागे दोन्ही मुलं, बाजूने धडाधडा ट्रक जाताहेत, आणि मी जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत गाडी कडेला आणतोय. तो एक मिनिट अजून आठवतो.

इंजिन कामातून गेलं होतं. डीलरचा पहिला प्रश्न : "ऑइल वेळेवर बदललंत याच्या पावत्या आहेत का?" सुदैवाने होत्या. आमच्या घरी लहानपणी भिंतीवरच्या तारेत सगळी बिलं खोचलेली असायची, विजेपासून वाण्यापर्यंत. ती सवय मला इथेही लागलीय, फक्त तारेऐवजी बिस्किटांचा डबा आहे. पाच वर्षांच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. दोन महिने फोनाफोनी झाली आणि शेवटी कंपनीने निम्मा खर्च उचलला. पावत्या नसत्या तर? तर चूक माझी ठरली असती. आणि गंमत म्हणजे बदललेलं इंजिनही दोन वर्षांत तेल प्यायला लागलं.

माझं म्हणणं असं आहे की जुन्या गाडीचे दोष दोन प्रकारचे असतात. एक म्हातारपणाचे : रबर कडक होतं, गंज चढतो, सील गळतात. ते आपले. दुसरे कारखान्यातूनच आलेले, जे सत्तर-ऐंशी हजार मैलांनंतर डोकं वर काढतात. हे दुसरे दोष पहिल्यांच्या वेषात येतात, म्हणून कंपनीला 'गाडी जुनी झाली हो' म्हणून सुटता येतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेत सरकारी कागदांवर नोंदलेलं आहे. (माझी गाडी त्यातली नाही, हे आधीच सांगतो.) ह्युंदाई आणि किआ यांच्या 'थीटा २' नावाच्या इंजिनांचं. क्रँकशाफ्टमध्ये तेल फिरण्यासाठी बारीक मार्ग असतात. मशीनिंग करताना निघालेला धातूचा कीस काही इंजिनांत त्या मार्गात राहून गेला. तेल अडलं की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ते पुरत नाही, बेअरिंग झिजतं, खडखडाट सुरू होतो आणि एके दिवशी इंजिन जाम होतं. फारच वाईट झालं तर रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फोडतो, आणि गरम एक्झॉस्टवर तेल उडालं की आग. आता बघा, हा कीस पहिल्या दिवसापासून आत आहे, पण मालकाला तो कळणार काही वर्षांनी. तेव्हा त्याला विचारणार, ऑइल बदललं होतंस का?

२०१५च्या सप्टेंबरमध्ये ह्युंदाईने सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या मिळून जवळजवळ १२ लाख, त्यात सँटा फे स्पोर्ट, सोरेन्टो, स्पोर्टेज या कुटुंबवाल्यांच्या एसयूव्हीसुद्धा. २०१९ मध्ये तर कमालच झाली. रिकॉलमध्ये इंजिन बदलताना काही गाड्यांत इंधनाची नळी नीट बसली नसण्याची शक्यता निघाली, म्हणून दुरुस्त झालेल्या गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये वेगळ्याच कारणासाठी, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेतून द्रव गळून शॉर्टसर्किट होण्याच्या भीतीने, सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना सांगण्यात आलं : गाडी बाहेर लावा, घरापासून दूर.

हे बाहेर कसं आलं? कंपनीच्या सद्‌बुद्धीने नव्हे. गाड्यांच्या सुरक्षेसाठी इथे १९७० पासून एक सरकारी खातं आहे, नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. तिथे कुणीही साधा माणूस फुकट तक्रार नोंदवू शकतो आणि ती तक्रार सगळ्यांना वाचता येते. हजारो लोकांनी तशा नोंदवल्या. शिवाय ह्युंदाईचाच एक इंजिनिअर, किम ग्वांग-हो, २५ वर्षांहून जास्त नोकरी केलेला माणूस, २०१६ मध्ये कंपनीचे कागद घेऊन या खात्याकडे आला. त्याला नोकरीवरून काढण्यात आलं. २०२० मध्ये रिकॉल वेळेवर न केल्याच्या ठपक्यावरून दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक तडजोड झाली, आणि २०२१ मध्ये किमला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. मी विचार करतो, त्याच्या जागी मी असतो तर माझं धाडस झालं असतं का? खरं उत्तर द्यायला मी कचरतो.

पण म्हणून अमेरिकेचे गोडवे गाऊ नका. इथला कायदाही मजेशीर आहे. २०१६ पासून मोठ्या भाडेकंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती न झालेली गाडी भाड्याने देता येत नाही. पण तीच गाडी सेकंडहँड विकायला फेडरल कायद्याने बंदी नाही! म्हणजे दोन दिवसांच्या भाडेकरूला संरक्षण, आणि जन्मभराची बचत घालून जुनी गाडी घेणाऱ्याने आपलं आपण बघावं. जुन्या गाड्या कोण घेतं? नुकताच आलेला विद्यार्थी, एका पगारात घर चालवणारी आई, आमच्यासारखे हिशेबी लोक.

आता तुमच्याकडचं. भारतात २०१२ पासून रिकॉल कंपन्यांच्या मर्जीवर होता. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सक्तीचा अधिकार दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. चांगलंच झालं. पण त्यात एक मेख आहे : ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि आपल्याकडे आठव्या वर्षी गाडी कोण मोडीत काढतो? ती मेव्हण्याकडे जाते, तिथून तालुक्याच्या गावी, तिथून वडाप करणाऱ्याकडे. अमेरिकेत सुरक्षेच्या रिकॉलची दुरुस्ती पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं फुकट करून द्यावी लागते. आधी तेही दहाच होतं, २०१५च्या कायद्याने वाढलं.

कुणी म्हणेल, कंपनीने काय जन्मभर जबाबदारी घ्यायची? आपले लोक गल्लीतल्या गॅरेजमधून वायरिंग करून घेतात, सर्व्हिसिंग टाळतात, मग आग लागली की कंपनीच्या नावाने खडे फोडतात. हे खोटं नाही. पण म्हणून तर तपास हवा. मालकाची चूक निघाली तर मालकाची. सातव्या वर्षानंतर तपासच नको म्हटलं की सगळ्या चुका आपोआप मालकाच्या होतात. माझ्या मते ही मुदत नोंदणीइतकी, म्हणजे पंधरा वर्षांची हवी.

तोवर आपल्या हातात काय? पावत्या जपा. गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते वर्षातून एकदा बघा, गाडी तिसऱ्या हाताची असली तरी, किंबहुना असली तर नक्कीच. आणि तेल कमी होणं, खडखड, जळका वास, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं यातलं काही झालं तर फक्त मेकॅनिकला सांगून थांबू नका. कंपनीला लेखी कळवा, सरकारी पोर्टलवर नोंदवा. मी स्वतः २०२०ची ती तेलाची तक्रार कुठेच नोंदवली नव्हती. वय झालं म्हणून सोडून दिली. माझ्यासारख्या किती जणांनी सोडली असेल कोण जाणे, आणि तेवढीच ती संख्या कागदावर कमी भरली.

आमच्या गाडीचा पार्ट यायला चार महिने लागले. तोवर रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि मग ऑफिस. दुरुस्ती मे महिन्यात झाली, फुकट. त्याची पावती डब्यात आहे. पण गाडी मी अजूनही बाहेरच लावतो.