पॅकेज कळलं, पण काम कसलं?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॉलेजच्या कँटीनमध्ये एकच प्रश्न फिरतो. 'किती?' कंपनी कोणती, काम काय, पोस्टिंग कुठं हे सगळं नंतर. आधी आकडा. घरून फोन येतो तेव्हाही तेच, मावशीचा फोन येतो तेव्हाही तेच. यात चुकीचं काही नाही. चार वर्षांची फी आणि हॉस्टेलचं भाडं कुणाच्या तरी पगारातून नाहीतर बँकेच्या कर्जातून गेलेलं असतं. आकडा विचारला जाणारच.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत बातम्यांमध्ये आणखी एक आकडा गाजतोय. तो तासांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती एका पॉडकास्टमध्ये म्हणाले, की देशाची उत्पादकता वाढवायची तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ फिरला. ते ९० तासांवर पोचले होते आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही त्यांनी विचारलं होतं. मग मीम्सचा पाऊस पडला. तुम्हीही दोन-चार फॉरवर्ड केले असतील.

हसून झालं असेल तर जरा हिशेब करू या. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ७० तास म्हणजे रोजचे जवळजवळ पावणेबारा तास. त्यात हिंजवडीचा ट्रॅफिक किंवा कल्याण-ठाण्याची लोकल मिळवा. उरलं काय? आणि खरा प्रश्न पुढंच आहे. इतके तास बसवून काम जास्त होतं का?

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ मध्ये याचं उत्तर जुन्या कागदांत शोधलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. युद्ध चालू, सैनिकांना माल हवा, म्हणजे कामाला कारण नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही दिसलं असं, की आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात! हे झालं मशीनवरचं काम. कोडिंगमध्ये तर उलटाच प्रकार. रात्री दोनला झोपेत घातलेला बग शोधायला सकाळी दहापासून तीन जणांना बसावं लागतं.

म्हणजे तास मोजून उत्तर मिळत नाही. मग इंजिनीअर मन लावून काम करतो ते कशामुळे?

पगार हवाच, पण...

हा प्रश्न थेट इंजिनीअरांनाच विचारणारा एक मोठा अभ्यास सत्तरीला टेकलाय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनीअर आणि अकाउंटंट मंडळींशी बोलून १९५९ मध्ये पुस्तक काढलं. प्रश्न साधे होते. कामावर तुम्हाला खूप छान कधी वाटलं? खूप वाईट कधी वाटलं?

गंमत अशी, की दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीबद्दल नव्हती. वाईट वाटलं त्याची कारणं होती कंपनीचे नियम, साहेबाचं वागणं, पगार, कामाची जागा. छान वाटलं त्याची कारणं म्हणजे काहीतरी जमलं, कुणीतरी दखल घेतली, काम स्वतःच मजेदार होतं, जबाबदारी मिळाली. हर्झबर्ग यांचा निष्कर्ष असा, की पहिली यादी बिघडली तर माणूस वैतागतो, पण ती सुधारली म्हणून तो पेटून उठत नाही. वैताग फक्त थांबतो. पेटून उठण्यासाठी दुसरी यादी लागते. या सिद्धांतावर नंतर टीकाही बरीच झाली, कारण चांगल्याचं श्रेय स्वतःला आणि वाइटाचा दोष दुसऱ्याला देण्याची माणसाची सवय जुनीच आहे. तरी कामाच्या ठिकाणी दोन याद्या असतात, ही गोष्ट आजही पटते.

आता हे आपल्याकडे लावून बघा. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरला मिळणारं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलंय. या काळात पुण्यातल्या वन आरके फ्लॅटचं भाडं आणि मेसचा डबा कुठं पोचला, ते सीनिअर्सना विचारा. इथं पहिलीच यादी बिघडलेली आहे. अशा वेळी एचआरने पिझ्झा पार्टी दिली, 'आपण एक फॅमिली आहोत' असा मेल टाकला किंवा मोटिव्हेशनल स्पीकर आणला, तर त्यावर भाळू नका. पॅशनच्या नावाखाली पगार कापणं हे मोटिव्हेशन नव्हे, काटकसर आहे. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. तीस लाखांच्या पॅकेजवर गेलेला मित्र वर्षभरात कंटाळून परत फोन करतो, तेव्हा त्याला माजोरडा समजू नका. त्याची पहिली यादी भरलेली असते, दुसरी रिकामी.

दुसरी यादी भरलेली कशी दिसते? पुण्यातलंच उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता, पण हवा तसा तो मिळाला नाही. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालच्या टीमला काम मिळालं, की मग आपणच बनवा. मुदत तीन वर्षं. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एका महाकाय प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून एकत्र राबवायचे, हा मार्ग टीमने घेतला. ध्येय एका वाक्यात सांगता येत होतं. वाट मात्र स्वतः शोधायची होती. आणि जमलं की नाही, हे मशीन चालू केल्यावर सगळ्यांना दिसणार होतं. इंजिनीअरला आणखी काय लागतं?

चूक कुणाच्या नावावर?

आता टीमकडे येऊ. कारण इंजिनीअर एकटा क्वचितच काम करतो.

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ झेपावलं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. मिशन डायरेक्टर होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पुढचा प्रसंग कलामांनी नंतर अनेक भाषणांत सांगितला. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले, अपयशाची जबाबदारी घेतली आणि टीम पुढच्या वेळी यशस्वी होईल असं सांगितलं. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी धवन कलामांना म्हणाले, आज पत्रकार परिषद तू घे.

ही फक्त मोठ्या मनाची गोष्ट नाही. यात कामाचं शास्त्र आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे आले उलटे! चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदवलेल्या. खोलात गेल्यावर कळलं, की चांगल्या टीम्स चुका जास्त करत नव्हत्या, चुका बोलून दाखवत होत्या. बाकीच्या लपवत होत्या. पुढं गुगलने २०१२ पासून आपल्या सुमारे १८० टीम्स तपासल्या. टीममध्ये कोण किती हुशार, यापेक्षा टीममध्ये बिनधास्त बोलता येतं का, हा मुद्दा सगळ्यात वर निघाला. 'मला हे समजलं नाही' किंवा 'माझ्याकडून चुकलं' म्हणायची सोय आहे की नाही, एवढी साधी गोष्ट.

इस्रोत ही सवय पुढंही दिसते. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर आदळला. त्यानंतर काय काय बिघडू शकतं याची यादी करून चांद्रयान-३ चं डिझाइन झालं आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते उतरलं. काय चुकलं हे मोकळेपणानं सांगणारी माणसं असल्याशिवाय अशी यादी होऊ शकत नाही.

भीतीच्या काळात

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सध्याचा मार्केट बघा. बरोबर आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त लोकांना कमी करणार असं जाहीर केलं. एआय कुणाचं काम खाणार याची चर्चा रोज चालू आहे. बेंचवर किती दिवस बसायचं यावरही कंपन्या मर्यादा घालताहेत. अशा वेळी मिळेल ती नोकरी पकडावी, की 'मन लागेल का' असले चोचले करावेत?

नोकरी पकडाच. पण भीतीने टीम चांगलं काम करते, या समजुतीला बळी पडू नका. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आजची चूक लपवतो. सॉफ्टवेअरमध्ये लपवलेली चूक जितकी उशिरा सापडते, तितकी महाग पडते. भीतीमुळे लोक लॅपटॉपसमोर जास्त वेळ बसतील, पण काम जास्त होईल याची खात्री नाही.

बेंचवर बसलेल्या सीनिअरशी बोलून बघा. पगार चालू, काम शून्य, तरी माणूस चिडचिडा होतो. नोकरी जाण्याची भीती असतेच, पण तेवढंच नसतं. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांच्या रोजच्या कामाच्या जवळजवळ १२ हजार डायरी-नोंदी वाचल्या. कामाचा दिवस चांगला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण निघालं ते म्हणजे अर्थपूर्ण कामात थोडी का होईना, प्रगती होणं. बोनस नाही, शाबासकी नाही. आज काम एक पाऊल पुढं सरकलं, एवढंच. आणि मॅनेजर लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी नेमकी हीच गोष्ट यादीत तळाला ठेवली होती.

म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' विचारतील तेव्हा 'नो सर' म्हणून उठू नका. विचारा, पहिल्या सहा महिन्यांत मी नक्की काय करणार? माझं काम कोण बघणार आणि किती दिवसांनी? मागच्या प्रोजेक्टमध्ये काही बिघडलं तेव्हा टीमने काय केलं? तिथं हे विचारायला संकोच वाटला तर त्याच कंपनीत गेलेल्या सीनिअरला विचारा, तो जास्त खरं सांगेल. उत्तरं आवडली नाहीत तरी ऑफर घ्यावी लागेल कदाचित. पण कुठं जातोय हे माहीत असलेला माणूस तिथून बाहेरची वाटही लवकर शोधतो.

आणि त्याआधी, तुमच्याकडे एक टीम आत्ताच आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट ग्रुप. चार नावं, त्यातला एक कोडिंग करतो, एक पीपीटी बनवतो, दोघं ब्लॅक बुकच्या प्रिंटचे पैसे देतात. त्या दोघांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. एकदा वेगळं करून बघा. त्यांना एक छोटा भाग पूर्णपणे सोपवा, कसा करायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, दर शनिवारी चौघं बसून काय अडलं ते बोला आणि चुकलं तर हसू नका. कदाचित एक जण तरीही येणार नाही. पण दुसरा येईल. व्हायव्हात एक्स्टर्नलने त्याच्या भागावर प्रश्न विचारला आणि तुमच्याकडे न बघता त्यानेच उत्तर दिलं, की समजा ही सगळी थिअरी तुम्ही एका सेमिस्टरमध्ये शिकलात.