पेंढ्याला केवळ पाणी पुरे नाही

साखर काढून उरलेला बीटचा वाळवलेला चोथा युरोपात पाण्यात फुगवून घोड्यांना घालतात. त्यातील तंतू मुळातच सुपाच्य असल्याने तेथे पाणी पुरते. सफाळे परिसरातील भातशेतकऱ्याजवळ उरतो तो पेंढा. त्याची गोष्ट निराळी आहे.

पेंढ्यात प्रथिने शेकडा 3 ते 4 एवढीच असतात. नुसता भिजविल्याने तो मऊ होतो, धूळ बसते. परंतु पोषण वाढत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की पोट भरूनही गुरे खंगतात.

यावर युरिया-प्रक्रिया हा सुलभ उपाय होय. 100 किलो पेंढ्यास 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडावा. गंजी तुडवून, प्लास्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावी. प्रथिने सुमारे दुप्पट होतात. काढलेला पेंढा उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावा व गुरांना थोडाथोडा घालून सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊ नये. युरियाचे पाणी प्यायल्यास जनावर दगावू शकते. ते उघडे ठेवू नये.

ज्या कामातील चुकीची शिक्षा मुके जनावर भोगते, ते केवळ पत्रके वाटून शिकविणे योग्य नव्हे. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी एका खळ्यात, शेतकऱ्याच्याच हातून, एक गंजी रचून घ्यावी. आणि ती उघडण्याच्या दिवशी पुन्हा तेथे हजर राहावे.