बिनऔषधाची गोळी

आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या आहेत. एक एसी अठरावर ठेवा म्हणणारी आणि दुसरी चोवीसच्या खाली नको म्हणणारी. माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण दुसऱ्या पार्टीची कट्टर मेंबर. ऐन मे महिन्यातही तिच्या खुर्चीला शाल. आम्ही तिला 'आजी' म्हणायचो. एकदा मीटिंगमध्ये तिने हात पुढे केले. दोन बोटं टोकापासून पांढरीफटक, खडूसारखी! मग निळसर, मग लाल. "वा, फ्रान्सचा झेंडा!" असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी म्हणजे मीच.

पुढे तिची बोटं सुजल्यासारखी दिसू लागली. अंगठी निघेना. कातडी इतकी ताणलेली, की चिमटीत धरता येईना. दोन जिने चढले की दम. सहा महिने आणि तीन डॉक्टर झाल्यावर एका रुमॅटॉलॉजिस्टने आजाराचं नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. ग्रीकमध्ये 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण आणि 'डर्मा' म्हणजे त्वचा.

यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच माणसांवर उलटते. बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि जखम भरायला लागणारं कोलॅजेन जखम नसतानाच साठत जातं. त्वचा टणक होते. काहींच्या फुप्फुसांतही तेच घडतं. हा आजार बायकांना जास्त होतो, तोही साधारण तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन करिअरच्या वर्षांत. एकाचा दुसऱ्याला मात्र होत नाही.

(घाबरू नका! थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना यातलं काही नसतं. पण हे तिशीनंतर सुरू झालं असेल, बोटं सुजत असतील किंवा टोकांना जखमा होत असतील, तर गूगलला नको, डॉक्टरला विचारा.)

तर परवा चहाच्या टपरीवर तिने बॅगेतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढला. फुप्फुसांसाठी एका नव्या औषधाची चाचणी होणार होती आणि तिला विचारलं होतं. माझ्या तोंडून पटकन निघालं, "वेडी आहेस का? उंदीर करतील तुझा! त्यातही निम्म्यांना म्हणे नुसती बिनऔषधाची गोळी."

ती शांतपणे म्हणाली, "अरे, मी आज जी गोळी घेते ना, ती कुठून आली ते आधी वाच."

ती घेते मायकोफेनोलेट. रात्री बसलो वाचत. आणि मंडळी, अक्षरशः गप्प झालो.

२००६ साली अमेरिकेतल्या 'स्क्लेरोडर्मा लंग स्टडी'चे निकाल आले. फुप्फुसांवर परिणाम झालेले १५८ पेशंट. निम्म्यांना वर्षभर सायक्लोफॉस्फमाइड, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. वर्षाच्या शेवटी औषधवाल्यांची फुप्फुसं थोडी बरी निघाली. थोडीच. औषध थांबल्यावर पुढच्या वर्षभरात तो फायदाही बहुतेक ओसरला. शिवाय औषध कडक, साइड इफेक्ट्स बरेच.

मग आला दुसरा अभ्यास, निकाल २०१६ मध्ये. यात १४२ जण. काहींना वर्षभर सायक्लोफॉस्फमाइड, बाकीच्यांना दोन वर्षं मायकोफेनोलेट. फायदा जवळपास सारखाच, पण मायकोफेनोलेट शरीराला जास्त सोसलं. आता अडचण अशी, की या वेळी कुठलंच औषध न मिळणारा गट नव्हता. मग मायकोफेनोलेट 'काहीच न घेण्यापेक्षा' किती बरं, हे कळणार कसं? संशोधकांनी पहिल्या अभ्यासातल्या बिनऔषधवाल्यांचे जुने आकडे बाहेर काढले आणि २०१७ मध्ये तुलना छापली. मायकोफेनोलेट सरस ठरलं.

आलं लक्षात? ज्यांच्या वाट्याला रिकामी गोळी आली, त्यांच्या श्वासांचे आकडे दशकभरानंतर पुन्हा कामी आले. आपलं वर्ष फुकट गेलं असं त्यांतल्या किती जणांना वाटलं असेल! आणि त्याच वर्षाच्या जोरावर आज माझी मैत्रीण जिने चढते.

आणखी एक. बिनऔषधाची गोळी म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं, हा माझा समजही चुकीचा होता. २०१९ मध्ये निंटेडॅनिबच्या चाचणीचे निकाल आले. ३२ देश, ५७६ पेशंट. त्यातले जवळपास निम्मे आधीपासून मायकोफेनोलेट घेत होते, आणि ते चालूच राहिलं. नव्या औषधाने फुप्फुसांची घसरण मंदावली, त्वचेला मात्र फरक पडला नाही. मैत्रिणीच्या चाचणीतही तिची नेहमीची गोळी सुटणार नाही. नवी गोळी खरी की रिकामी, एवढाच प्रश्न.

मोठ्यांचं ठीक आहे हो, पण हा आजार लहान मुलांनाही होतो. मुलांत बहुधा त्याचं मर्यादित रूप दिसतं. हातापायावर किंवा कपाळावर टणक पट्टा उमटतो. वाढत्या वयात तो हात किंवा पाय मागे पडू शकतो, बारीक किंवा आखूड राहू शकतो. २०११ मध्ये छापलेल्या एका इटालियन चाचणीत ६ ते १७ वयाची ७० मुलं होती. ४६ जणांना मेथोट्रेक्सेट, २४ जणांना रिकामी गोळी, आणि पहिले तीन महिने सगळ्यांनाच स्टेरॉइड. मेथोट्रेक्सेटच्या गटात साधारण दोन तृतीयांश मुलांचा आजार वर्षभर काबूत राहिला. दुसऱ्या गटात तीस टक्क्यांहूनही कमी. त्या २४ मुलांच्या आयांनी सही करताना काय विचार केला असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पालकांची सही तर हवीच, पण सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही विचारा.

म्हणून डोळे मिटून सही करा असं मुळीच नाही. चाचणी सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये आहे का ते बघा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही फुकट पाहता येते. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, चाचणीमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे विचारा. आणि मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे. कारण सांगायचीही गरज नाही.

मैत्रिणीने हे सगळं विचारलं. दोन रात्री विचार केला. सोमवारी सही करून आली.

"आणि तुला रिकामी गोळी आली तर?" मी विचारलं.

"तर ती पुढच्या कुणाच्या तरी कामाची," ती म्हणाली, "आणि खरी आली तर माझ्याही."

आपल्याला कुठली आलीय हे तिला ठाऊक नाही. मलाही नाही. मी एवढंच करू शकतो. मीटिंग रूममध्ये तिच्या आधी पोचतो आणि एसी सव्वीसवर करतो. अठरावाली पार्टी बोंबलते. बोंबलू दे!